समदुःखींचे वैयावृत्त्य

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील आरोग्यदिनाच्या भाषणाचे शब्दांकन)



सुवर्णमहोत्सवातील एक दिवस आरोग्यासाठी ठेवावा असे विश्वस्त मंडळाने ठरविले आणि त्या दिवशी बोलण्यासाठी मला पाचारण केले, तेव्हा मी प्रथम नकारच दिला होता. मी वैद्य नाही, वक्ता तर नाहीच नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलांच्या कापड दुकानाच्या गादीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. मीटर, कैची आणि रोजमेळ यांपलीकडे माझी विद्या जात नाही. परंतु आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "तुम्हीच बोला. बाई बोलली तर बायकाच ऐकतील. पुरुषाने सांगितले तर चार पुरुषांच्या कानावर तरी जाईल." त्यांच्या अनुज्ञेने मी आपणासमोर उभा आहे. भाषणाचा मसुदा त्यांनी वाचला आहे, त्यातील दोन वाक्ये खोडली आहेत आणि काही विनोद सांगण्यास तोंडी परवानगी दिली आहे. अशी परवानगी मला का घ्यावी लागली, ते ओघाने येईलच.

विषय स्तनाच्या कर्करोगाचा आणि त्यानंतर केल्या जाणाऱ्या स्तनपुनर्रचना शस्त्रक्रियेचा आहे. या व्यासपीठावरून हा शब्द उच्चारताना मलाही संकोच होत आहे. परंतु याच संकोचापायी आपल्या घरातील लेकी-सुना उशिरा डॉक्टरांकडे जातात, म्हणून तो मी आज बाजूला ठेवतो.

२०१४ सालच्या चातुर्मासातील गोष्ट. पर्युषणाच्या आधी सौभाग्यवतींच्या हाताला डाव्या बाजूस एक गाठ लागली. ती दुखत नव्हती. घरात अठ्ठाईची तपश्चर्या चालू होती, पाहुणे येणार होते. त्यांनी संवत्सरी होईपर्यंत कोणास सांगितले नाही. दुखत नाही म्हणजे काळजी नाही, हा आपल्याकडील सार्वत्रिक समज आहे आणि तो घातक आहे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही. पुण्यास शस्त्रक्रिया झाली, डावा स्तन काढावा लागला. पुढे केमोथेरपी झाली, किरणोपचार झाले. जीव वाचला. आम्ही सर्वांनी भगवंतांचे आभार मानले आणि माझ्या हिशेबी तो विषय तेथेच संपला.

त्यांच्या हिशेबी तो संपला नव्हता, हे मला दोन वर्षे कळले नाही. मी चाळीस वर्षे ब्लाउजपीस विकले आहेत. एखादी भगिनी बंद गळ्याचेच कापड मागते, एखादी उन्हाळ्यातही जाड पोताचा आग्रह धरते, हे मी पाहत आलो. त्याचे कारण कधी मनात आले नाही. माझ्या घरी हेच चालले होते. सौभाग्यवती दुकानातील मलमलीची छोटी उशी शिवून ब्लाउजच्या आत ठेवीत. नुसता कापूस हलका पडतो आणि वर सरकतो, म्हणून वजनासाठी त्यात मोहरी भरीत. आणि सचित्त बी अंगावर बाळगून सामायिक कसे करावे, म्हणून ती मोहरी आधी भाजून घेत. एके दिवशी स्थानकात वंदनेसाठी वाकल्या असता त्या उशीची शिवण उसवली आणि मोहरी फरशीवर सांडली. कोणी हसले नाही, कोणी काही बोललेही नाही. दोन भगिनींनी मुकाट्याने दाणे टिपून दिले. तरीही त्या दिवसानंतर चार महिने त्यांनी स्थानकाची पायरी चढली नाही. मी लोकांना सांगत असे की, त्यांचे गुडघे दुखतात. मला तसेच वाटत होते.

२०१६ साली त्यांनी पुनर्रचनेचा विषय काढला. माझ्या तोंडून जे वाक्य गेले, ते मी आज आपणा सर्वांसमक्ष सांगतो, कारण ते केवळ माझे वाक्य नाही. मी म्हणालो, "आता या वयात? कुणाला दाखवायचे आहे?" एका नातेवाइकांनी त्यावर देह आणि आत्मा भिन्न असल्याचे तत्त्वज्ञान ऐकविले. त्यानंतर तीन दिवस माझ्या ताटात सर्व पदार्थ वेळेवर आले, शब्द मात्र एकही आला नाही.

देह नश्वर आहे, हे आपल्या धर्माचे वचन सत्यच आहे. परंतु ते दुसऱ्याच्या जखमेवर वापरण्यासाठी सांगितलेले नाही. माझा स्वतःचा पुढचा दात पडला होता, तेव्हा आठ दिवसांत मी नवा बसवून घेतला. गिऱ्हाइकासमोर बोळके दिसू नये, एवढेच कारण होते. तेव्हा मला भेदविज्ञान आठवले नव्हते. अवयव पुन्हा घडविण्याची विद्या तर आपल्याच भूमीतील आहे. सुश्रुतसंहितेत कापलेले नाक जोडण्याचे वर्णन आहे. कावसजी नावाच्या बैलगाडीवानाचे नाक टिपू सुलतानाच्या सैनिकांनी कापले होते. ते पुण्याकडील एका देशी शस्त्रवैद्याने कपाळाच्या त्वचेपासून नवे करून दिले आणि तो वृत्तांत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात छापून आला. पुढे युरोपातील वैद्यांनी ती पद्धत उचलली. कावसजीला कोणी विचारले नसेल की, बाबा, नाकावाचून श्वास तर घेता येतो, मग हा खटाटोप कशासाठी? पुरुषाच्या नाकाला अब्रू असते आणि स्त्रीच्या अवयवाला ती नसते, असे आपण का समजावे?

आता या शस्त्रक्रियेविषयी थोडे सांगतो. हिचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. एकात सिलिकॉनचे रोपण बसवितात. असे रोपण प्रथम १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे झाले. दुसऱ्यात रुग्णाच्याच शरीरातील, पाठीचा किंवा ओटीपोटाचा भाग वापरतात. पोटाचा भाग स्नायूसह वर आणण्याची पद्धत १९८२ साली प्रसिद्ध झाली. पुढे स्नायू जागेवर ठेवून केवळ त्वचा, चरबी आणि रक्तवाहिन्या उचलण्याची अधिक नाजूक पद्धत आली. त्यात सूक्ष्मदर्शकाखाली केसाहूनही बारीक धाग्याने रक्तवाहिन्या जोडतात. मी आयुष्यभर सुताचे नंबर पाहिले, परंतु एवढे तलम सूत माझ्या कल्पनेतही नव्हते. कोणता प्रकार योग्य, हे रुग्णाचा देह, झालेले किरणोपचार, मधुमेह इत्यादी पाहून तज्ज्ञ ठरवितात. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटण्याची शक्यता वाढते, अशी भीती घालणारे पुष्कळ भेटतात. ती भीती अभ्यासांतून खरी ठरलेली नाही. तसेच, ही शस्त्रक्रिया प्रत्येकीने करावीच असेही नाही. तशीच राहणारी भगिनीही तितकीच पूर्ण आहे. निर्णय तिचा असावा, एवढेच माझे म्हणणे आहे.

आपल्या समाजासाठी एक विशेष सूचना. सिलिकॉनमध्ये प्राणिज अंश नसतो. परंतु रोपणाला आधार म्हणून काही वेळा जी जाळीसारखी पटले वापरतात, त्यांतील काही डुकराच्या किंवा गुराच्या त्वचेपासून केलेली असतात. टाक्यांचा 'कॅटगट' नावाचा धागाही जनावराच्या आतड्यापासून बनतो. दोहोंनाही पर्याय असतात. शस्त्रक्रियेच्या आधी नम्रपणे विचारावे. डॉक्टरांना त्याचा राग येत नाही. आमच्या डॉक्टरांनी तर असा प्रश्न विचारल्याबद्दल समाधानच व्यक्त केले.

माझे मन कसे वळले, ते सांगतो. तपासणीसाठी पुण्यास गेलो असता बाकावर शेजारी एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांची पुनर्रचना वर्षापूर्वी झाली होती. त्यांनी सौभाग्यवतींना दोन-तीन प्रश्न विचारले आणि मग मोहरीची हकीगत निघाली. ती मीही तेव्हा प्रथमच ऐकली. सौभाग्यवती सांगता सांगता थांबल्या आणि म्हणाल्या, "भाजलेली मोहरी होती ना, मी जाईन तिथे फोडणीचा वास." शिक्षिकाबाई हसल्या, मग या हसल्या, आणि हसता हसता दोघींच्याही डोळ्यांतून पाणी वाहू लागले. दोन वर्षांत मी त्यांना असे हसताना पाहिले नव्हते आणि असे रडतानाही पाहिले नव्हते. मी चहा आणण्याच्या निमित्ताने उठलो आणि बराच वेळ जिन्यात उभा राहिलो.

या शिक्षिकाबाईंचा चार-पाच जणींचा एक मेळ होता. दर शनिवारी त्या एका खोलीत जमत. एक पोलीस हवालदार, एक बँकेतील अधिकारी, एक कोकणपट्टीतील मासळी विकणाऱ्या मावशी. जातपात, शिक्षण, आहार, सर्व भिन्न. दुःख मात्र एक. एरवी आमच्या घराचा मावशींशी परिचय होण्याचा काही संभव नव्हता. योगायोगाने दोघींची शस्त्रक्रिया दोन दिवसांच्या अंतराने झाली आणि खाटा शेजारी आल्या. मावशींनी आपल्या मुलास बजावले, "बाजूला जैन बाई आहेत, डब्यात मासळी आणू नकोस. चार दिवस मी पण जैन." त्या चार दिवसांत त्यांनी सूर्यास्तापूर्वी जेवून आमच्या सौभाग्यवतींना सोबतही केली. वर म्हणाल्या, "पहाटे बंदरावर जायचं म्हणजे आम्ही लवकरच जेवतो, धर्म आपोआप घडतो."

शस्त्रक्रियेनंतर पहिले दोन दिवस परिचारिका तासातासाने एका छोट्या यंत्राने नव्या भागातील रक्ताभिसरणाचा आवाज ऐकत. जखमेतील पाणी निघून जाण्यासाठी नळ्या असतात, त्यांच्या टोकाला प्लास्टिकचे फुगे. त्यात साठलेले पाणी रोज मोजून लिहायचे असते. ते पुरेसे कमी झाल्याखेरीज नळी काढत नाहीत. घरी आल्यावर हे काम माझ्याकडे आले. मी सवयीने रोजमेळाच्या वहीत तारीख, वेळ आणि मिलिलिटर असे रकाने आखले. सौभाग्यवती रोज सकाळी विचारीत, "शेठजी, आज आवक किती?" ज्या दिवशी आकडा उतरला, त्या दिवशी म्हणाल्या, "आयुष्यात पहिल्यांदा मंदी आल्याचा तुम्हाला आनंद झालेला पाहिला."

पोटावर मोठा छेद असल्यामुळे दोन-तीन आठवडे ताठ उभे राहता येत नाही, वाकूनच चालावे लागते. हवालदार ताई सांगत, "पोलीस ठाण्यात मला सगळे सलाम ठोकायचे, आता मीच साऱ्या गल्लीला वाकून नमस्कार करत जाते." त्यावर आमच्या घरून उत्तर गेले की, एवढी वंदना तर मी पर्युषणातही केली नव्हती. पोटाची चरबी वर नेली तरी तिचा स्वभाव बदलत नाही, वजन वाढले की तीही वाढते. म्हणून दिवाळीत शिक्षिकाबाईंचा सर्वांना निरोप होता, "फराळ जपून. आता तो वरच्या मजल्यावर जमा होतो."

हसले की टाके ओढले जातात आणि कळ येते. यावर उपाय म्हणून परिचारिकांनी पोटाशी उशी घट्ट धरून हसण्यास किंवा खोकण्यास शिकविले होते. त्यावरून शनिवारच्या खोलीत नियमच झाला, उशी हाती धरल्याशिवाय कोणी विनोद सांगायचा नाही. कोणी नुसती उशी ओढून घेतली तरी बाकीच्यांना हसू फुटे.

आता माझ्या परवानगीची गोष्ट. सौभाग्यवती शनिवारी म्हणाल्या होत्या, "डॉक्टर चांगले बेतणारे निघाले. वर कापड कमी पडले, तर खालचे जोडून दिले आणि शिवण दिसू दिली नाही." मला तो विनोद फार आवडला. पुढे घरी व्याही मंडळी जेवायला आली असता मी तो मोठ्या रंगात सांगितला. सर्व हसले. त्या मात्र उठून आत गेल्या. रात्री म्हणाल्या, "अहो, तो विनोद माझा होता. तो सांगायचा हक्क मी तुम्हाला दिला नव्हता." मी चाळीस वर्षे व्यापार केला, दुसऱ्याचा माल आपला म्हणून कधी विकला नाही; आणि येथे तेच करून बसलो होतो. ज्याची जखम त्याचे हास्य, हा धडा मला त्या रात्री मिळाला. जखमी माणसाने आरंभ करावा, आपण फार तर साथ द्यावी. आणि ज्या दिवशी त्याला रडायचे असेल, त्या दिवशी विनोदाने त्याचे रडणे अडवू नये. शनिवारच्या खोलीत असे दिवसही पुष्कळ येत. तेव्हा उशा तशाच पडून असत.

समदुःखींनी एकमेकांना भेटण्याची ही रीत आता जगभर रुजली आहे. अमेरिकेत टेरीस लॅसर या भगिनींनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर १९५२ साली रुग्णालयांत जाऊन अशा स्त्रियांना भेटण्यास आरंभ केला. हातांच्या व्यायामापासून कपड्यांपर्यंत डॉक्टर जे सांगत नसत, ते त्या सांगत. आरंभी कित्येक डॉक्टरांना ही लुडबूड वाटली. पुढे १९६९ साली तेथील कर्करोग संस्थेने तेच कार्य आपले म्हणून स्वीकारले. आपल्याकडे मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटी १९५१ पासून आणि व्ही केअर ही रुग्णांना आधार देणारी संस्था १९९४ पासून कार्यरत आहे.

याचा लाभ काय, याचा हिशेब प्रामाणिकपणे मांडला पाहिजे. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. बळावलेल्या स्तनकर्करोगाच्या ज्या स्त्रिया अशा मेळाव्यांना जात, त्या अधिक काळ जगल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. फार मोठी आशा निर्माण झाली. परंतु २००१ साली २३५ स्त्रियांवरील अधिक मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढल्याचे आढळले नाही. मनाचा क्लेश आणि वेदनेची जाणीव मात्र कमी झाल्याचे आढळले, विशेषतः ज्या आधी अधिक खचल्या होत्या त्यांच्या बाबतीत. म्हणजे मुद्दलात वाढ नाही, पण दिवसांचा भार हलका झाला. व्यापाऱ्याच्या दृष्टीनेही हा तोट्याचा सौदा नव्हे.

मावशी २०१९ साली गेल्या. रोग हाडांत उतरला होता. अखेरच्या महिन्यात सौभाग्यवती त्यांच्या गावी जाऊन आल्या. मीही बरोबर होतो. बोलण्याची शक्ती फारशी नव्हती. आम्ही निघताना त्यांनी हाताने खूण करून उशाजवळची छोटी उशी मागितली आणि पोटाशी धरली. दोघी हसल्या. विनोद काय होता, ते मला कळले नाही आणि मी विचारलेही नाही.

येथे एखादे सुज्ञ श्रावक विचारतील की, आपल्या शास्त्रात हास्य हे नोकषायांत गणले आहे, मग त्याची एवढी थोरवी कशी? प्रश्न योग्य आहे. दुसऱ्यास हिणवणारे, वैर वाढविणारे हास्य कर्मबंधच घडविते, याचा अनुभव मी वर सांगितलाच. परंतु त्याच नऊ नोकषायांच्या यादीत शोक आहे, भय आहे आणि जुगुप्सा, म्हणजे किळस, हीदेखील आहे. आरशासमोर उभ्या राहणाऱ्या त्या भगिनीला हे तिन्ही एकदम घेरून असतात. मुनींना सर्वांचाच त्याग शक्य आहे. आम्हा गृहस्थांच्या घरात शोक, भय आणि जुगुप्सा मुक्कामाला आली असता त्यांना बाहेर काढण्यास निर्मळ हास्य उपयोगी पडत असेल, तर मी त्याला दोष देऊ शकत नाही. माझ्या समजुतीत चूक असल्यास अधिकारी व्यक्तींनी ती सुधारावी.

शास्त्राने आभ्यंतर तपांत वैयावृत्त्य सांगितले आहे आणि ज्यांची सेवा करावी, त्यांत ग्लान म्हणजे रुग्ण यांचा स्पष्ट उल्लेख आहे. दानांत अभयदान सांगितले आहे. "मीही यातून गेले आहे, हे पाहा, मी चालते-फिरते आहे," असे एका स्त्रीने दुसरीला सांगणे, याहून वेगळे अभयदान कोणते? ते द्यायला धन लागत नाही. मात्र ते मला देता येत नाही, डॉक्टरांनाही देता येत नाही. ज्याने भोगले, त्यालाच ते देता येते.

म्हणून या सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळास माझी नम्र विनंती आहे. आपल्या भवनातील मागील खोली महिन्यातील एका शनिवारी दुपारी अशा भगिनींसाठी राखून ठेवावी. जातिधर्माची अट नसावी. तेथे भाषण नको, सत्कार नको, छायाचित्र नको. चहा आणि चार उशा पुरेत. आमच्या दुकानातील सुती कटपिसांतून नळीचे फुगे गळ्यात अडकविण्याच्या पिशव्या आणि पुढून उघडणारे सैल झगे शिवून देण्याचे काम गेली काही वर्षे सौभाग्यवती करीत आहेत. कापड आमच्याकडून कायमचे राहील, शिवणाऱ्या हातांची गरज आहे. खोलीच्या भिंतीवर दोन सूचना मोठ्या अक्षरांत असाव्यात. पहिली, नव्या भागाला स्पर्शाची जाणीव फार कमी असते, म्हणून तेथे गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, भाजल्याचे कळत नाही. दुसरी, गाठ दुखो वा न दुखो, ती सणवार उलटण्याची वाट पाहत नाही.

आणि पुरुषांसाठी एक सूचना तोंडीच. पत्नी काही मागत असेल तर "कुणासाठी?" असे विचारू नका. मी विचारले होते. त्याचे उत्तर देण्यास त्यांनी तीन दिवस घेतले आणि मला समजण्यास त्याहून पुष्कळ अधिक लागले. उत्तर एवढेच होते, "माझ्यासाठी."

सौभाग्यवती गेल्या पर्युषणात स्थानकात होत्या, पहिल्या रांगेत. आजही येथे आहेत. माझ्या बोलण्यात परवानगीपेक्षा अधिक काही गेले असेल तर त्यांना, आणि कोणाचेही मन दुखावले असेल तर आपणा सर्वांना, मन-वचन-कायेने मिच्छामि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.